६१७ अंकांचे मोर्तब

हिरडस मावळातला किंवा कानद खोऱ्यातला शेतकरी पीककर्जासाठी बँकेच्या दारात सातबाराचा उतारा घेऊन जातो, तेव्हा त्या कागदावर आता पुष्कळदा तलाठ्याची शाईची सहीही नसते आणि कचेरीचा गोल शिक्काही नसतो. हा अभिलेख डिजिटल स्वाक्षरीचा असून त्यास अन्य सहीशिक्क्याची आवश्यकता नाही, अशा आशयाची एक ओळ तेवढी छापलेली असते. ज्यांचे अर्धे आयुष्य दफ्तरे, फेरफार आणि दाखले यांच्या मागे मामलेदार कचेरीच्या ओट्यावर गेले, त्यांना ही ओळ वाचून शंका येणे स्वाभाविक आहे. शाई नाही, मोहोर नाही, साक्षीदार नाही. मग या दस्ताचा खरेपणा ठेवला आहे कोठे?

तो ठेवला आहे एका संख्येत. भारतात इ. स. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अशा स्वाक्षऱ्यांसाठी आपल्याकडे दीर्घकाळ रूढ असलेली जी पद्धत आहे, तिच्या मुळाशी ६१७ अंकांची एक संयुक्त संख्या असते. ही संख्या गुप्त नसते. कोणीही तिची नक्कल उतरवून घ्यावी आणि खुशाल तिचे निरीक्षण करीत बसावे. गुप्त असतात ते केवळ तिचे दोन अवयव. संख्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असावी आणि तिचे अवयव मात्र कोणालाही दिसू नयेत, हे कसे शक्य होते, तेच या लेखात क्रमाने पाहावयाचे आहे.

सुरनिशीची जुनी अडचण

दस्ताच्या खरेपणाचा प्रश्न भोर आणि वेल्हे या तालुक्यांना नवा नाही. रायगडापूर्वी येथील राजगड ही स्वराज्याची राजधानी होती, आणि शिवकालीन राजपत्रांची पद्धत अशी की माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब, म्हणजे मर्यादेची लहान मुद्रा. शिक्का सांगे की हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले. मर्यादेची मुद्रा सांगे की मजकूर येथे संपला, याच्या पुढे कोणी एक ओळ जरी घातली तरी ती हुकमात धरू नये. अष्टप्रधानांतील सचिव, ज्याला पूर्वी सुरनीस म्हणत, त्याच्याकडे राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे शुद्ध करणे आणि त्यांवर संमतीचे चिन्ह करणे हे काम होते. हेच सचिवपद राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे आले, त्यांच्यापासून भोरच्या पंत सचिवांची परंपरा सुरू झाली, आणि त्यांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. दस्त खरा की खोटा हे ठरविणे ज्या पदाचे कर्तव्य, त्या पदावरून उभे राहिलेले हे संस्थान, म्हणून या विषयाची चर्चा भोरच्या भूमीवर करणे मला विशेष उचित वाटते.

शिक्का आणि मोर्तब मिळून दोन प्रश्नांची उत्तरे देतात: लिहिणारा कोण, आणि लिहिल्यानंतर मजकुरात फेरफार झाला की नाही. कोणत्याही स्वाक्षरीला ही दोन उत्तरे द्यावीच लागतात. परंतु धातूच्या मुद्रेत एक मूलभूत उणीव राहते. मुद्रा ओळखता यावी म्हणून तिचा ठसा सर्वांना दाखवावा लागतो, आणि ज्याने ठसा पुरेसा बारकाईने पाहिला, असा कसबी कोरक्या तशीच मुद्रा घडवू शकतो. ओळखणे सर्वांना साधावे पण उमटविणे एकालाच साधावे, अशी मुद्रा पितळेत किंवा पोलादात घडविता येत नाही. संख्येत घडविता येते.

जोडणे सोपे, फोडणे अवघड

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, जसे २, ३, ५, ७, ११. आणि जी दोन लहान संख्यांच्या गुणाकाराने बनते ती संयुक्त संख्या, एवढे शाळेतले ज्ञान येथे पुरेसे आहे. ७ आणि १३ यांचा गुणाकार करा म्हटले तर तिसरी-चौथीचे मूल ९१ हे उत्तर देते. पण ९१ चे अवयव पाडा म्हटले तर पुष्कळ शिकलेली माणसेही क्षणभर थांबतात, आणि काही तर ती मूळ संख्याच आहे असे म्हणून मोकळी होतात. एका पाटीत आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदूळ ओतून हात फिरवायला निमिष पुरते, परंतु तेच दाणे पुन्हा वेगळे करायला बसले तर दुपार मोडते. गुणाकार आणि अवयव पाडणे यांतला भेद याच जातीचा आहे, फक्त संख्येच्या बाबतीत अंक वाढत जातात तसा तो भेद इतका वाढतो की दुपारच्या जागी युगे मोजावी लागतात.

मात्र संख्या प्रचंड असली म्हणजे ती फोडायला अवघड असलीच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. एकावर ६१६ शून्ये दिली तर तीही ६१७ अंकांचीच संख्या होते, पण तिच्यात २ आणि ५ यांच्याखेरीज कोणताही मूळ अवयव नाही हे पाहताक्षणी कळते. देवळालीचे शिक्षक आणि थोर अंकप्रेमी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ज्यांना डेम्लो संख्या हे नाव दिले, त्यांतील १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या घ्या. ती नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. आणि नऊ एके म्हणजे १११ गुणिले १००१००१, हे त्यांच्या तीन-तीनच्या गटांवरूनच दिसते. पुढे १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. सारी संख्या कागदाच्या कपट्यावर उकलते. इतकेच नव्हे, तिच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो, म्हणजे कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांतही ती बसते. सौंदर्य म्हणजे रचना, आणि जेथे रचना आहे तेथे अवयवांचा माग लागतो. स्वाक्षरीसाठी हवी असते ती याच्या नेमकी उलट संख्या: जिच्यात कोणतीही लय नाही, आणि जी सुमारे ३०९ अंकांच्या, यदृच्छया निवडलेल्या दोनच मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे.

संयुक्त आहे हे कळते, कशाची ते कळत नाही

येथे चिकित्सक वाचक विचारील की ३०९ अंकी मूळ संख्या सापडायची तरी कशी? अवयव शोधूनच जर मूळत्व ठरवावयाचे असेल, तर फोडण्याची अडचण जोडण्याच्या आधीच आडवी यावी. ती येत नाही, कारण एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही अवयव हाती नसताना सिद्ध करता येते. गणितातील ज्या गोष्टींचे मला सर्वाधिक नवल वाटते, त्यांतील ही एक आहे.

सतराव्या शतकातील फ्रेंच न्यायाधीश आणि गणिती पिएर द फर्मा याने एक नियम शोधला. संख्या मूळ असेल, तर तिच्याहून एकाने कमी इतक्या वेळा २ स्वतःशी गुणावा आणि येणाऱ्या गुणाकाराला त्या संख्येने भागावे. बाकी नेहमी १ उरते (२ ही संख्या तेवढी वगळावी). ७ घ्या: २ चा सहावा घात ६४, त्याला ७ ने भागले की बाकी १. आता ९१ ला हीच कसोटी लावू, म्हणजे २ चा नव्वदावा घात तपासू. २ चा बारावा घात ४०९६ आहे, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणून त्याची बाकी १. बाराच्या सात फेऱ्यांनंतर, म्हणजे चौऱ्याऐंशीव्या घाताला, पुन्हा बाकी १ च. उरले सहा घात. त्यांची बाकी ६४. म्हणजे नव्वदाव्या घाताची बाकी १ नव्हे, ६४ आली, आणि ९१ ही मूळ संख्या नव्हे हे ठरले. या साऱ्या हिशेबात ७ किंवा १३ यांचा उच्चारसुद्धा झाला नाही, हे लक्षात घ्यावे.

उलट बाजूने मात्र नियम पुरा पडत नाही: ३४१ ही संख्या ११ × ३१ असूनही २ च्या कसोटीला उतरते. म्हणून प्रत्यक्षात २ च्या जागी वेगवेगळ्या संख्या घेऊन अधिक कडक कसोट्या लावतात. आणि कोणत्याही संख्येच्या मूळत्वाचा निर्णय निश्चितपणे व वाजवी वेळात करता येतो, हे कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. मूळ संख्यांचा तुटवडाही नाही: ३०९ अंकांच्या आसपास सरासरीने दर सातशे-दहा संख्यांत एक मूळ असते, म्हणून संगणक एक विषम संख्या निवडतो, पारखतो, टाकून देतो, दुसरी घेतो, आणि अल्पावधीत त्याचे काम होते.

संयुक्तत्व कळणे आणि अवयव कळणे यांत किती अंतर असू शकते, याचा एक दाखला इतिहासात आहे. २ चा सदुसष्टावा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या संयुक्त असल्याचे एदुआर ल्यूका या फ्रेंच गणित्याने १८७६ मध्ये दाखविले, पण अवयव कोणते ते त्यालाही ठाऊक नव्हते. सत्तावीस वर्षांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात, फ्रँक नेल्सन कोल याने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. एकवीस अंकांच्या संख्येची ही कथा. आपल्या संख्येला ६१७ अंक आहेत.

विसाचा फेरा

आता मुद्रा कशी उमटते ते पाहू. त्यासाठी ६१७ अंकांऐवजी ५५ ही लहानशी संयुक्त संख्या घेऊ. तिचे अवयव ५ आणि ११. २ चे घात एकामागून एक घ्यावेत, आणि उत्तर ५५ च्या पुढे गेले की ५५ ने भागून बाकी तेवढी ठेवावी. तेव्हा ही मालिका मिळते: २, ४, ८, १६, ३२, ९, १८, ३६, १७, ३४, १३, २६, ५२, ४९, ४३, ३१, ७, १४, २८, १. विसाव्या पायरीला १ आला, म्हणजे एकविसाव्या पायरीला पुन्हा २. अन्य कोणतीही संख्या घेतली तरी तिचा एकविसावा घात तिच्या मूळ रूपातच परततो.

हे वीस आले कोठून? फर्माच्या नियमाप्रमाणे ५ च्या भागाकारात फेरा ४ चा, आणि ११ च्या भागाकारात १० चा. ४ आणि १० यांचा लसावि २०. येथेच सारे मर्म आहे. फेऱ्याची लांबी काढण्याचा सरळ मार्ग अवयवांतून जातो. ज्याला केवळ ५५ माहीत आहे आणि ५ व ११ माहीत नाहीत, त्याच्या हाती तो मार्ग नाही.

आता २१ म्हणजे ७ × ३. संख्येचा सातवा घात घेतला, आणि आलेल्या बाकीचा तिसरा घात घेतला, की एकूण एकविसावा घात होऊन मूळ संख्या परत मिळते. तेव्हा स्वाक्षरी करणाऱ्याने ७ हा आकडा स्वतःजवळ गुप्त ठेवावा, आणि ५५ व ३ हे आकडे गावभर जाहीर करावेत.

> चौकट: सात आणि बारा यांचा एक हिशेब
>
> जाहीर आकडे: ५५ आणि ३. गुप्त आकडा: ७. स्वाक्षरी करावयाची संख्या: १२.
>
> *मुद्रा उमटविणे:* १२ चा सातवा घात ३,५८,३१,८०८. त्याला ५५ ने भागले की बाकी २३. ही २३ म्हणजे स्वाक्षरी.
>
> *मुद्रा तपासणे:* २३ चा तिसरा घात १२,१६७. त्याला ५५ ने भागले की बाकी १२. मूळ संख्या परत आली, स्वाक्षरी खरी.
>
> *लबाडी पकडणे:* कोणी १२ चे १३ केले आणि खाली २३ तशीच ठेवली, तर तपासताना १२ च येतात, १३ येत नाहीत. दस्त खोटा.

तपासणाऱ्याला ७ हा आकडा कधी दाखवावाच लागला नाही. धातूच्या मुद्रेला जे साधले नव्हते ते येथे साधले: ओळख सर्वांना, अधिकार एकाला.

३ जाहीर ठरल्यावर त्याचा जोडीदार ७ शोधावयाचा, म्हणजे ३ ने कशाला गुणले असता २० ने भागून बाकी १ उरेल, हा प्रश्न सोडवावयाचा. ज्यांनी भास्कराचार्यांची ११५० च्या सुमाराची लीलावती पाहिली असेल, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कारण हेच कुट्टक गणित, ज्याची रीत आर्यभटाने त्याच्याही साडेसहाशे वर्षे आधी दिली होती. प्रत्यक्ष व्यवहारात जाहीर आकडा बहुधा ६५,५३७ असतो आणि गुप्त आकडा शेकडो अंकांचा असतो, परंतु तो काढण्याची रीत तत्त्वतः कुट्टकाचीच राहते. ही पद्धत रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी १९७७ मध्ये मांडली. इंग्लंडच्या गुप्तलेखन खात्यातील क्लिफर्ड कॉक्स याने १९७३ मध्येच ती शोधली होती, पण ते १९९७ पर्यंत जगाला कळू दिले गेले नव्हते.

मजकुराची सारसंख्या

उताऱ्यात गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदारांची नावे, इतर हक्कांतील बोजे असा बराच मजकूर असतो. त्याची एक संख्या कशी करावयाची? त्यासाठी साऱ्या मजकुराला एका ठरलेल्या, सर्वांना ज्ञात असलेल्या गणिती घुसळणीतून काढतात, आणि शेवटी ठरावीक लांबीची एक सारसंख्या मिळते. सध्या प्रचलित असलेल्या एका रीतीत ती जास्तीत जास्त ७८ अंकांची असते. मजकुरातील एका गुंठ्याचे दोन केले किंवा नावातील एक वेलांटी बदलली तरी ही सारसंख्या पार निराळी येते. गुप्त आकड्याचा घात चढतो तो या सारसंख्येवर, म्हणून मर्यादेच्या मुद्रेचे काम येथे आपोआप होते. फरक इतकाच की ती मुद्रा मजकुराच्या शेवटी मर्यादा घाली, आणि ही प्रत्येक अक्षराला घालते. स्वाक्षरी म्हणजे मजकूर झाकणे नव्हे, हेही येथे स्पष्ट व्हावे: उतारा सर्वांना वाचता येतो, नकळत बदलता मात्र कोणालाही येत नाही.

फोडणाऱ्यांची मजल

मग ६१७ अंकांची भिंत खरोखर अभेद्य आहे काय? १९७७ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर याने सायंटिफिक अमेरिकन मासिकातून १२९ अंकांची अशी एक संख्या वाचकांना आव्हान म्हणून दिली, आणि तेव्हा ती फोडायला अब्जावधी वर्षे लागतील असा अंदाज होता. ती सतरा वर्षांत, १९९४ च्या एप्रिलमध्ये फुटली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक त्या कामी जुंपले होते. नव्या रीती निघाल्या, यंत्रे वेगवान झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकांची संख्या फुटली. ते काम एकाच संगणकगाभ्यावर सोपविले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. अंदाज बांधणाऱ्यांनी या इतिहासाने नम्र व्हावे हे खरे. तरी २५० अंकांपासून ६१७ अंकांपर्यंतचा मार्ग अडीच पटींचा नाही, कारण अंकांबरोबर श्रम कित्येक पटींच्या पटींनी वाढतात.

आजवर भिंतीला जी खिंडारे पडली, ती बहुतेक निष्काळजीपणाने पडली. दोन्ही मूळ अवयव फार जवळचे निवडले, तर फर्माचीच एक रीत त्यांना गाठते: ८,०५१ म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणून अवयव ८३ आणि ९७, हे उत्तर तोंडी येते. त्याहून घातक म्हणजे दोन वेगवेगळ्या संख्यांत एकच मूळ अवयव वापरणे. ९१ आणि ११९ यांचा मसावि काढा. वजाबाक्या करीत गेले की २८ उरतात, मग ७, आणि दोन्ही संख्या एकदम उकलतात. ही रीत ६१७ अंकांनाही क्षणार्धात लागू पडते. २०१२ मध्ये संशोधकांनी जगभरच्या लक्षावधी जाहीर संख्या अशा परस्परांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील हजारो उघड्या पडल्या. त्या घडविणाऱ्या यंत्रांनी मूळ संख्या यदृच्छया निवडण्यात कसूर केली होती. चाके उत्तम आणि आस मोडका, अशा गाडीची गत त्या स्वाक्षऱ्यांची झाली होती, आणि दोष गणिताचा नव्हता.

खरे संकट क्वांटम संगणकाचे. पीटर शोर याने १९९४ मध्ये दाखविले की असा संगणक पुरेशा शक्तीचा बनला, तर तो वर सांगितलेल्या फेऱ्याची लांबी अवयवांवाचूनच शोधील, आणि फेरा कळला की अवयवही कळतात. तितका शक्तिमान संगणक आज अस्तित्वात नाही. परंतु अवयवांवर विसंबून नसलेल्या नव्या स्वाक्षरीपद्धतींची मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्धही केली आहेत, आणि हळूहळू सर्वत्र हा बदल करावा लागेल.

तोपर्यंत भोर-वेल्ह्याच्या खातेदारांना एक विनंती आहे. ही स्वाक्षरी संगणकातील धारिकेत असते, कागदावर नसते. त्या धारिकेची छापील प्रत काढली किंवा तिची झेरॉक्स केली की कागदावर उरतात ती नुसती अक्षरे, आणि अक्षरे कोणालाही छापता येतात. म्हणून जमिनीचा व्यवहार करताना समोरच्याने पुढे केलेल्या कागदावर विसंबू नये. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर घालून तो उतारा स्वतः ताडून पाहावा, स्वतःला येत नसेल तर घरातील शिकत्या मुलाकडून ताडून घ्यावा, आणि मगच इसाराचे पैसे मोजावेत.